दहापैकी किती

राजेश्वरीचं लग्न अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात झालं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पोखरणच्या स्फोटांची बातमी आली, त्यामुळे मांडवात नवऱ्या मुलापेक्षा बॉम्बचीच चौकशी जास्त झाली. मुलीचे वडील धनाजीराव बडोदे संस्थानच्या फौजेतल्या जुन्या घराण्यातले. स्वतः त्यांनी सगळी नोकरी एका कारखान्याच्या फाटकावर पहारा देण्यात काढली होती, पण दारूगोळ्याचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढायचा. त्यांचं बोलणं संपेपर्यंत वरात डभोईच्या रस्त्याला लागली होती आणि मुलीची आई, रखमाबाई, दारातल्या पायरीवर खाली बसली होती. उजव्या खुब्यात कळ आली होती.

"धावपळ झाली, दुसरं काय," असं सगळ्यांनी ठरवलं आणि रखमाबाईंनीही मान डोलावली. तीन वर्षांपूर्वी कॅन्सरच्या गाठीमुळे त्यांचा उजवा स्तन काढला होता. ते प्रकरण मिटलं, असं घर धरून चाललं होतं. खुबा मात्र पाहुणे गेले, मांडव उतरला, दिवाळी झाली तरी दुखत राहिला. संक्रांतीनंतर हाडांचे फोटो काढले. डॉक्टर लक्ष्मीकांतांनी ते उजेडाच्या पेटीवर लावले आणि पेन्सिलीच्या टोकाने दोन जागा दाखवल्या. एक खुब्याच्या हाडात, एक कमरेच्या मणक्यात.

"जुनंच दुखणं आहे हे. हाडात जाऊन बसलंय," ते म्हणाले.

डॉक्टर लक्ष्मीकांत संस्थानी कारभाऱ्यांच्या घराण्यातले, बोलणं मोजून मापून. त्यांच्या विभागात त्या वर्षी एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू झाला होता. अशाच बायकांवर, बारा देशांत एकदम. काम असं की निम्म्या बायकांना जुनं औषध मिळणार, निम्म्यांना नवं. कुणाला कुठलं ते चिठ्ठीने ठरणार, आणि ती चिठ्ठी डॉक्टरांनाही दिसणार नाही.

"म्हणजे भिशीसारखं," रखमाबाई म्हणाल्या.

"साधारण तसंच. पण इथे कुणाची बाटली रिकामी जात नाही."

"आणि गाठ मरेल का त्याने?"

"नाही." डॉक्टरांनी हे सरळ सांगितलं, ते रखमाबाईंना आवडलं. "हाडात दोन प्रकारच्या पेशी असतात. एक हाड खाणाऱ्या, एक बांधणाऱ्या. गाठीच्या पेशी तिथे घुसल्या की त्या खाणाऱ्यांना चिथावतात. हे औषध खाणाऱ्यांना आवरतं. दुखणं कमी होतं, हाड लवकर मोडत नाही."

"मळणीच्या बैलाला मुसकं बांधतात तसं."

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. रखमाबाईंचं माहेर डभोईकडच्या गावातलं, शेतकीचं. त्यांनी अंगठा नव्हे, सही केली. सहीखाली तारीखही घातली. तेव्हापासून कागदावर त्यांचं नाव राहिलं नाही. त्या सतरा नंबर झाल्या.

सहीचं सांगायला हवं. रखमाबाई वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी लिहायला शिकल्या. अहल्याबाई नावाच्या एक निवृत्त मास्तरीणबाई खंडेराव मार्केटमागच्या एका खोलीत दुपारी बायकांना मराठी शिकवत. शनिवारी शुद्धलेखन असे, दहा मार्कांचं. अहल्याबाईंचा हात कडक. "दहा छापील पुस्तकाला, नऊ मला. आठपासून खाली तुमचं," असं त्या पहिल्याच दिवशी सांगून टाकत. रखमाबाईंना सुरुवातीला दोन मिळाले, मग तीन. सात मिळाले त्या दिवशी त्यांनी घरी शिरा केला. आठ त्यांना कधीच मिळाले नाहीत.

गुजराती त्या फर्डी बोलत. भाजीवाल्याशी भांडण करायला त्यांना मराठी पुरायचीच नाही. पण वाचायचं म्हटलं तर ती अक्षरं त्यांना परकी वाटत. वर रेघ नाही म्हणून त्या म्हणायच्या, "डोक्यावर पदर न घेता बाहेर पडल्यासारखी दिसतात मेली."

अभ्यासातल्या प्रत्येक बाईला एक वही मिळत होती. रोज सकाळी उठल्यावर शून्य ते दहा यांतला एक आकडा लिहायचा, दुखणं किती त्याचा. वही इंग्रजीत आणि गुजरातीत छापलेली होती. मराठीत नव्हती, कारण मुंबईच्या कचेरीत बडोद्याची भाषा गुजराती अशी नोंद होती. वह्या वाटण्याचं आणि तपासण्याचं काम मोहनाकडे होतं. मोहना सव्वीस वर्षांची, एका प्राध्यापकाची मुलगी. घरी मराठी, बाहेर गुजराती, कागदावर इंग्रजी, अशा तीन खिशांत तिची भाषा वाटलेली.

"केम छो काकू? वाचता येतं ना?"

"मराठी येतं. हे नाही."

मोहनाच्या टेबलापुढे अजून नऊ बायका बसल्या होत्या. तिने पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानाच्या कडेला मराठीत लिहून दिलं: रोज सकाळी दुखण्याला दहापैकी मार्क द्या.

"एवढंच. सोपं आहे, बरोबर?"

"सोपंच आहे," रखमाबाई म्हणाल्या. मार्क म्हणजे काय ते त्यांना मोहनापेक्षा जास्त माहीत होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी दोन दिले. खुब्याचं वागणंच तसं होतं. रात्रभर कूस बदलू दिली नव्हती. दुसऱ्या दिवशीही दोन. औषधाचा पहिला बाटला चढवला त्या दिवशी ताप आला आणि अंग मोडून निघालं, म्हणून एक. मग दर अठ्ठावीस दिवसांनी दवाखाना, आधी रक्त, मग खुर्चीत बसून बाटला. दुसऱ्या बाटल्यानंतर त्यांना एकदा झोप लागली ती पहाटे दूधवाल्याने हाक मारेपर्यंत. त्या सकाळी त्यांनी चार दिले. मेच्या अखेरीस त्या जिना चढून गच्चीवर गेल्या, पापड वाळत घातले, उतरल्या, आणि विचार करून सहा दिले. जूनमध्ये सातावर आल्या. आठ देण्याइतकं काही बरं नव्हतं. अहल्याबाईंनी दिले नसते.

डॉक्टर लक्ष्मीकांत दर वेळी विचारत, "कसं आहे?"

"बरी आहे."

"चालता तर बऱ्या." मग ते मोहनाने काढलेल्या आकड्यांकडे बघत आणि त्यांच्या कपाळाला आठी पडे. "तुमच्या घराण्यातल्या बायकांचं असंच. तोंडाने बरं आहे म्हणायचं. बरं झालं, कागदावर तरी खरं लिहिता."

ही शाबासकी आहे असं रखमाबाईंना वाटलं आणि त्या खूश झाल्या.

जूनच्या भेटीत मोहनाने खुर्ची जवळ ओढली. "काकू, तुमचा आकडा वाढत चाललाय. दोनावर होता तो सातावर आला. पुढच्या महिन्यात असाच राहिला तर नियमाप्रमाणे हे औषध बंद करावं लागेल. मग किरणांचा शेक देऊ, दुसरं काही बघू."

"बंद? का?"

"नियम आहे तसा. वरून आलेला."

घरी आल्यावर रखमाबाई चप्पल न काढताच म्हणाल्या, "अहो, मला बरं वाटतंय म्हणून औषध बंद करणार म्हणे."

धनाजीराव वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना जराही नवल वाटलं नाही. "करणारच. आपलं रॉकेल कसं बंद केलं? घरात गॅस आला कळल्याबरोबर नाव कापलं. गरज दिसली पाहिजे."

"मग आता?"

"मग कर कमी मार्क. वही तुझी, पेन्सिल तुझी."

"खोटं लिहू?"

"खोटं कशाला? थोडं आखडून लिही. मास्तरीणबाई नव्हत्या का आखडून देत?"

रखमाबाई चप्पल काढून आत गेल्या. पण राजेश्वरीला पाचवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, कार्तिकात. डभोईची विहीणबाई दोनदा निरोप पाठवून चुकली होती: तुमच्याच्याने होत नसेल तर तसं सांगा, आम्ही इथेच करू. त्या निरोपात काळजी किती आणि टोमणा किती हे रखमाबाईंनी पुरतं ओळखलं होतं. बाळाला न्हाऊ घालायचं म्हणजे न्हाणीत पाय पसरून बसायचं, बाळ पोटऱ्यांवर पालथं घ्यायचं, तेल जिरवायचं, वरून पाणी सोडायचं. फेब्रुवारीत त्यांना पाय पसरताही येत नव्हता. आता येत होता. बाटला बंद झाला की खाणाऱ्यांची मुसकी सुटणार आणि पुन्हा फेब्रुवारी येणार, एवढा हिशेब त्यांना कुणी समजावून सांगायला नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तीन लिहिले. लिहून झाल्यावर वही उशीखाली सारली. पुढे रोज दोन, तीन, दोन. एका सकाळी त्या पायी मांडवीपर्यंत गेल्या, लंगोटांसाठी मऊ मलमल घेतली, दुकानदाराशी वाद घालून पायीच परत आल्या. दुसऱ्या दिवशी वही उघडून बराच वेळ बसून राहिल्या आणि मग दोन लिहिले. जन्मात इतकं वाईट शुद्धलेखन आपण केलं नाही असं त्यांना वाटलं.

जुलैच्या भेटीत मोहनाने वही उघडली, पानं उलटली आणि जागेवरून उठलीच.

"वा काकू! सरस! थांबा, सरांना बोलावते."

डॉक्टर लक्ष्मीकांत आले, उभ्यानेच आकडे वाचले आणि म्हणाले, "फारच छान. अशी सुधारणा अपेक्षित नव्हती. औषध चालू ठेवा, मोहना." आणि ते दुसऱ्या खोलीत गेले.

रखमाबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं होतं. आता त्यांचा आवाज चढला. "काय गं, छान काय त्यात? माझा खुबा मोडायला आला असं लिहिलंय मी, आणि तुम्ही पेढे वाटायच्या बेतात?"

"मोडायला? काकू, दोन लिहिलेत तुम्ही."

"मग? दहापैकी दोन म्हणजे नापासच की!"

मोहना हसायला लागली आणि मध्येच थांबली. तिने वही पहिल्या पानावर आणली. पेन्सिलीची ओळ अजून स्पष्ट होती. ती तिने स्वतःशी वाचली, मग पुन्हा एकदा. खाली गुजरातीत छापलेलं होतं ते तिने हळूहळू मराठीत सांगितलं: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे असह्य.

"म्हणजे उलटं?" रखमाबाई म्हणाल्या.

"उलटं."

"म्हणजे मी सात दिले तेव्हा..."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला फार त्रास होतोय."

"आणि मला वाटलं मी बरी झाले म्हणून तुम्ही हाकलताय. म्हणून गेला महिनाभर मी खोटे दिले. खुबा चांगला सातावर आहे माझा."

मोहनाने दाराकडे बघितलं. दार लोटलेलं होतं. ओळ तिच्या हातची होती आणि अशा कामात एक ओळ चुकली की माणूस कामावरून जातो. "काकू," ती हळू म्हणाली, "एक बघा. गेल्या महिन्याचे आकडे दोन-तीन आहेत. आता तुम्हाला खरंच तेवढंच दुखतंय. म्हणजे ते बरोबरच आहेत की. तुमचं औषधही चालू राहतंय. इथून पुढे नीट लिहू. मागचं राहू द्या."

हे सोपं होतं. रखमाबाईंना ते लगेच कळलं आणि कळल्याबरोबर मोहही झाला. बाटला शेजारी टांगलेला होता, सुई अजून टोचायची होती. कार्तिक तीन महिन्यांवर आला होता.

"सुई टोच आधी," त्या म्हणाल्या.

बाटला चालू झाला. औषध हळूहळू उतरत होतं. पलीकडच्या खुर्चीत पादरा गावाहून नव्यानेच आलेली एक बाई आपली वही मांडीवर घेऊन बसली होती आणि मोहनाला गुजरातीत विचारत होती, "बेन, आ दवाथी फेर पडे छे?" औषधाने फरक पडतो का, असं. मोहना म्हणाली, "बघू या, बेन. तुमच्या सगळ्यांच्या वह्या एकत्र केल्यावर कळेल."

रखमाबाईंनी मोहनाला हाक मारली.

"ह्या वह्या एकत्र करूनच ठरणार ना, औषध लागू पडतं की नाही ते?"

"हो."

"मग माझ्या वहीत आधी खरं ते उलटं आणि नंतर खोटं ते सुलटं. असला कागद त्या बाईच्या कागदावर ठेवायचा? डॉक्टरांना बोलाव."

"काकू, तुम्हाला काढतील कदाचित. मलाही."

"ते मला ठाऊक नाही का? बोलाव."

डॉक्टर लक्ष्मीकांतांनी सगळं ऐकून घेतलं. ते कुणावर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मी दर महिन्याला यांना चालताना बघत होतो," आणि चष्मा काढून पुसत बसले. मग त्यांनी मुंबईला फोन केला.

मुंबईहून उत्कर्ष नावाचा तपासनीस आला. वय तिशीच्या आतलं, गळ्यात टाय, बडोद्याच्या उकाड्याने हैराण. त्याने वही दोन दिवस तपासली. तिसऱ्या दिवशी रखमाबाईंना बोलावलं. धनाजीराव बरोबर गेले, इस्त्रीचा शर्ट घालून.

"आजी, हे आकडे आता बदलून देता का म्हणून विचारलं तर?" उत्कर्ष म्हणाला.

"आता कसे बदलू? एप्रिलच्या तेराव्या तारखेला किती दुखलं ते मला आज काय ठाऊक?"

उत्कर्षने मान हलवली. बहुधा त्याला हेच उत्तर हवं होतं. "बरोबर. बदलता येत नाहीत. खोडताही येत नाहीत. असेच राहतील, आणि बाजूला कारण लिहायचं. दुखण्याच्या हिशेबात हे महिने धरणार नाही आम्ही."

"आणि औषध?" हे धनाजीरावांनी विचारलं. "माझ्या सांगण्यावरून तिने खोटं लिहिलं. शिक्षा करायची तर मला करा. चाळीस वर्षं पहारा केलाय मी, उभं राहायची सवय आहे."

"गप्प बसा हो," रखमाबाई म्हणाल्या. "तुमच्या सांगण्यावरून मी आजवर काय केलंय?"

उत्कर्षला हसू आवरलं नाही. मग त्याने डॉक्टरांकडे बघितलं. औषध चालू ठेवायचं की नाही ते आकड्यांवर नव्हे, हाडांच्या फोटोंवर ठरलं. नवे फोटो काढले. खुब्यातली जागा वाढलेली नव्हती. तिच्या कडेला पांढरी रेघ धरू लागली होती. डॉक्टर म्हणाले, हाड भरतंय. सतरा नंबर अभ्यासात राहिला. बाजूला कारण लिहायचं होतं ते मोहनाने इंग्रजीत लिहिलं. त्याखाली रखमाबाईंनी मराठीत स्वतःच्या हाताने लिहिलं: मी हे मार्क समजले. जूनपासूनचे खोटे दिले. खाली सही आणि तारीख.

मोहनाचं काम गेलं नाही. तिला ताकीद मिळाली आणि बडोद्यासाठी मराठी वही करून घेण्याचं काम तिच्याच गळ्यात पडलं. वही छापून आली तेव्हा पहिल्या पानावर तीन वाक्यं होती. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही. दहा म्हणजे सोसवत नाही. हे मार्क नव्हेत.

राजेश्वरीला कार्तिकात मुलगी झाली. तिचं नाव स्नेहल ठेवलं. डॉक्टरांनी पाय पसरून बसायला परवानगी दिली होती, बाळ घेऊन उठायला नव्हती. म्हणून रोज सकाळी रखमाबाई न्हाणीत जाऊन बसत, मग धनाजीराव नात आणून त्यांच्या पायांवर ठेवत, बाहेर उभे राहत आणि हाक आली की घेऊन जात. सव्वा महिना हे असं चाललं. विहीणबाई बारशाला आल्या तेव्हा न्हाणीच्या दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

"जरा जोरात चोळताय," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे असंच चोळतात," रखमाबाई म्हणाल्या.

त्या सव्वा महिन्यात त्यांच्या वहीतला आकडा तीनच्या वर गेला नाही. तो या वेळी सुलटा होता.

पुढे दीड वर्ष बरं गेलं. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात दुखणं यकृतात गेलं. हाडाच्या औषधाचा तिथे काही उपयोग नव्हता आणि बाटले थांबले. पाऊस संपला तेव्हा रखमाबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, पण हाड कुठे मोडलं नव्हतं. शेवटपर्यंत त्या स्वतःच कुशीवर वळत. वही आता डॉक्टर मागत नव्हते, तरी त्या रोज आकडा घालत. आठ घातला त्या दिवशी धनाजीरावांनी आकडा वाचला आणि मोहनाला फोन केला. ती घरी आली आणि दुखण्यावरचं पातळ औषध देऊन तासभर बसली.

कुणाला कुठलं औषध त्या चिठ्ठ्या औषध कंपनीने पुढच्या वर्षी उघडल्या. सतरा नंबरला नवं औषध नव्हे, जुनंच मिळत होतं, असं डॉक्टर लक्ष्मीकांतांनी धनाजीरावांना पत्राने कळवलं. धनाजीरावांनी पत्र वाचलं आणि राजेश्वरीला फोनवर सांगितलं.

रखमाबाई त्याआधीच, रविवार दिनांक अकरा नोव्हेंबर दोन हजार एक रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास, घरीच वारल्या होत्या. त्या वेळी त्यांचं वय एकोणसाठ होतं.